वळणावरचा चुना

“आधी राखेनं घासायचं. मग पाणी. दगड सुकला की चुना, आणि चुन्यात मीठ विसरू नकोस. माथ्याला हात लावायचा नाही. नुसतं तोंड पांढरं करायचं.”

सासूबाई शेवटच्या आजारपणात जेवल्या की नाही ते विसरायच्या, मला कधी मुलगी समजायच्या तर कधी परकी बाई, पण हे सांगताना त्यांचा एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. मी मान डोलवायचे. त्यांना मान डोलवलेली चालत नसे. हातावर हात ठेवून ‘करीन’ म्हणावं लागे, तेव्हा कुठे डोळे मिटायच्या.

दगड म्हणजे आमच्या रस्त्याच्या वळणावरचे. घाट चढताना रस्ता जिथे दरीला वळसा घालतो तिथे कडेला गुडघाभर उंचीचे दगड ओळीने रोवलेले आहेत. त्यांच्यापलीकडे काही नाही, नुसती दरी. हे दगड पांढरे ठेवणं हे आमच्या घराचं काम. माझे यजमान मैलकुली आहेत. घाटाचा एक तुकडा सरकारने त्यांच्या अंगावर टाकलेला आहे. खड्डा पडला बुजव, दरड आली उचल, गटार तुंबलं मोकळं कर, पावसाळा सरला की दगडांना चुना मार. त्यांच्याआधी हे काम मामंजी करत. त्याआधी त्यांचे वडील. राहायला रस्त्यालगतच दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत फावडी, घमेली, डांबराचं पिंप आणि चुन्याचं टाकं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, घरालाच चुन्याचा वास येतो. आता येत नाही. नाकाला सवय झाली.

हा रस्ता काही गावासाठी झालेला नाही. गोऱ्या साहेबाने तो तोफा वर न्यायला बांधला. खिंडीपलीकडच्या लोकांना वठणीवर आणायचं होतं. मामंजींचे आजोबा खडी फोडायला धरून नेलेल्यांत होते. दगड पांढरे करायची पद्धतही तेव्हाचीच. फौज रात्रीची चढायची, खेचरं बिचकायची, म्हणून कडा दिसली पाहिजे. पुढे साहेबाविरुद्ध उठलेल्या माणसांना याच रस्त्याने बेड्या घालून खाली नेलं. मग कुठल्या तरी दूरच्या लढाईसाठी इथली पोरं भरती होऊन उतरली, त्यातली परत वर आली त्याहून न आलेलीच जास्त. मग साहेब गेला. झेंडा बदलला, गणवेश बदलले, शिव्या आपल्या भाषेत आल्या. चुना तोच राहिला. सासूबाई म्हणायच्या, या रस्त्यावरून गावच्या कामाला काही गेलं असेल तर ती आजारी माणसं आणि नवऱ्या मुली. बाकी सगळं दुसऱ्यांच्या भांडणाला.

गावात आम्हाला काजळे म्हणतात. आडनाव नव्हे ते. मागच्या लढाईत वळणावरचे दगड काळे केले गेले होते. विमानं यायची, पांढरं दिसता कामा नये, असा हुकूम होता. मामंजींनी दगडांना जळकं ऑइल फासलं. त्याच आठवड्यात फौजेचा एक ट्रक दिवे बंद ठेवून घाट उतरत होता. आत गावातली पोरं होती, ओझी वाहायला नेलेली. चालकाला कडा दिसली नाही, ट्रक दरीत गेला. गावातल्या चहावाल्याचा थोरला भाऊ त्या ट्रकमध्ये होता.

चौकशीला आलेल्या साहेबापुढे मामंजी एवढंच म्हणाले, की फासलं ते मी. तेव्हापासून हे घर काजळ्यांचं. आमच्याकडे कुणी हळदीचं बोट मागायला येत नाही. रेशनच्या रांगेत माझ्या मागे उभी राहणारी बाई हातभर अंतर सोडते. चहाच्या दुकानात ह्यांना चहा मिळत नाही असं नाही, मिळतो, पण दुकानाबाहेरच्या ओट्यावर, आणि कपाची दांडी तुटलेली. एकदा मी म्हटलं, नका हो जाऊ तिथे, घरी करून देते. हे म्हणाले, घरचा चहा पिऊन माणूस गावातला होत नाही.

सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती, जी त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितली नाही असं मी समजत होते. हुकूम आला होता तो पांढरं झाकायचा. मामंजींनी गावाजवळच्या दगडांवर पोती टाकली, पाला टाकला, आणि वळणावरचे तसेच ठेवले. म्हणाले होते, तिथलं मी बघतो काहीतरी. तर गाव अंगणात आलं. तू काय आमच्यावर बॉम्ब पाडणार आहेस का, म्हणून. ऑइलचा डबा चहावाल्याच्या बापाच्या हातात होता. मामंजी बराच वेळ नको नको म्हणत राहिले आणि शेवटी त्यांनी डबा घेतला.

मी विचारलं होतं, मग चौकशीत हे सांगितलं का नाही?

सासूबाई म्हणाल्या, “ज्याचं पोर दरीत गेलं त्याला काय सांगायचं? डबा तूच आणला होतास म्हणून?”

ट्रक गेल्यावर त्या एकट्या वळणावर गेल्या होत्या. ऑइलवर चुना धरत नाही, पापुद्र्यासारखा गळून पडतो. तेव्हा त्यांनी राख नेली. दगड घासता घासता त्यांच्या मनात आलं म्हणे, की विमान वरून बघतं, ट्रक समोरून. माथा काळा ठेवला आणि रस्त्याकडचं तोंड पांढरं केलं तर दोघांचंही भागतं. एवढी साधी गोष्ट आठवडाभर आधी का सुचली नाही, याचं त्यांना जन्मभर लागून राहिलं. म्हणून ते ‘करीन’.

यंदा पुन्हा सुरू झालं. आधी नुसत्या बातम्या, मग पिठाची गिरणी दुपारीच बंद व्हायला लागली, मग खिडक्यांना घोंगड्या. पलीकडच्या शहरावर विमानं येऊन गेली. तरण्या पोरांना पुन्हा गोळा केलं, कुणाला ओझ्याला, कुणाला गाड्यांवर. चहावाल्याचा मुलगा आधीच ट्रक चालवायला शिकलेला, त्याला पहिल्याच दिवशी नेलं. त्याची आई, म्हणजे चहावाली, त्या दिवसापासून भट्टीसमोर बसते ती उठत नाही, आणि गिऱ्हाईक असो नसो, भट्टी पेटतीच ठेवते.

मग एका सकाळी जीप आली. आतल्या हवालदाराने उतरायचेही कष्ट घेतले नाहीत. रस्त्याकडेचं सगळं पांढरं झाका, उद्या रात्रीपासून गाड्या चालतील, विनादिव्याच्या, एवढं ह्यांच्या तोंडावर फेकून जीप पुढे गेली.

दुपारी गाव अंगणात आलं.

मी ओट्यावर धान्य निवडत होते. सासूबाईंनी सांगितलेलं सगळं माझ्यासमोर जसंच्या तसं उभं राहिलं, फक्त माणसं दुसरी. डबा चहावाल्याच्या हातात होता. मला वाटलं, हा तोच डबा असेल का? तसं कुठे असणार. पण हात मात्र बापासारखाच पुढे केलेला.

मी बोलले. मला मोठ्याने बोलायची सवय नाही, त्यामुळे दोनदा बोलावं लागलं. माथे काळे करा, म्हटलं, हवं तर मीच करते, पण वळणावर रस्त्याकडची तोंडं राहू द्या. वरून दिसायची नाहीत आणि चालकाला दिसतील.

कुणीतरी हसलं. एकाने विचारलं, विमानवाला काय हिला आधी माथा दाखव, मग तोंड दाखव म्हणणार आहे का? दुसरा म्हणाला, सरकारला चुना लावून पिढ्या पोसल्या, तो सुटेना झालाय. चहावाला हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ह्यांच्याकडे बघत म्हणाला, “तुझ्या बापाने माझा भाऊ खाल्ला. आता तुझ्या बायकोला गाव जाळायचंय का?”

आणि ह्यांनी डबा घेतला.

नको म्हटलं नाही, जरा थांबा म्हटलं नाही. पडवीतून कुंचा उचलला आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले. मी सूप हातात धरून बसले होते. त्यात काय निवडत होते तेही आठवेना.

संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, हे आले ते हात कोपरापर्यंत काळे आणि चेहरा असा, की लग्नानंतर मी तसा पाहिला नव्हता. पायरीवर बसून हात घासता घासता सांगायला लागले. चहावाल्याने आत बोलावलं. बाकावर बसवलं. काचेच्या ग्लासात चहा. साखर किती विचारलं. तीनतीनदा सांगितलं मला, की साखर किती विचारलं.

मी गरम पाणी घातलं हातांवर. मग म्हटलं, तुम्हाला एक सांगायचंय, मामंजींच्या वेळचं. आणि डब्याचं सांगितलं.

ह्यांनी हात घासायचे थांबवले नाहीत.

“ठाऊक आहे मला,” म्हणाले. “दारामागे उभा होतो मी. बाबांनी डबा घेताना पाहिलंय.”

मी तांब्या खाली ठेवला. विचारलं, मग आज कसा घेतलात?

तर म्हणाले, “बाबा आधी नको म्हणाले, तिथेच फसले. नको म्हणणाऱ्याचंच नाव लक्षात राहतं गावाच्या. मी पहिल्या हाकेला गेलो. गाव सोबत होतं, दहाजणांनी हात लावला. आता काही झालं तर सगळ्यांचं. माझ्या एकट्याचं नाही.”

मी म्हटलं, अहो, पण ट्रक तर एकटाच जाईल खाली.

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं. म्हणाले, एवढ्या वर्षांनी मला माणसांत घेतलंय, त्यावर तुझा चुना फासू नकोस. आणि जेवायला वाढ म्हणाले.

जेवण झाल्यावर मी मागच्या बाजूला चुना भिजत घातला. लपवून नव्हे. चुना भिजताना फसफसतो, आवाज होतो, वाफ येते, तो लपत नाही. हे बाजेवर पडून ऐकत होते. मला वाटतं, सकाळपर्यंत मी विरघळेन असं त्यांना वाटलं असावं.

सकाळी वळणावर जाऊन आले. आमचे दगड मी डोळे मिटून ओळखते, पण तिथे दगड नव्हतेच. दिवसाउजेडीसुद्धा रस्त्याची कड आणि दरीतली सावली एक झाली होती. एका दगडाला बोट लावून पाहिलं. अजून चिकट. चांगले जाड हात दिले होते, काम नीट करायची सवय आहे त्यांना.

राख हवी होती, आणि ती घरात नव्हती. आम्ही आता गॅसवर स्वयंपाक करतो. गावात बहुतेक सगळेच. राखेचा ढीग असेल तर एकाच ठिकाणी, चहाच्या भट्टीमागे.

मी टोपली घेऊन गेले. दुकानात दोघं-तिघं बसले होते. मी बाहेरूनच, ओट्यापाशी उभी राहून चहावालीला म्हटलं, भट्टीची राख देता का, वळणावरच्या दगडांना हवी आहे. खोटं काही सांगता आलं असतं, भांडी घासायला म्हणून. पण मी रोज माळ ओढते, खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे, आणि त्या दिवशी तर तो मोडायची मुळीच इच्छा नव्हती.

चहावाला उठून बाहेर आला. हळू आवाजात बोलला, त्यामुळे जास्त भीती वाटली. दगडाला हात लावलास तर फौजेला कळवीन, म्हणाला. नवऱ्याची नोकरी जाईल, खोल्या जातील, मग बस तुझी माळ ओढत रस्त्यावर. बाकावरचा एकजण म्हणाला, कळवायचं कशाला, आपण आहोत की.

चहावाली भट्टीसमोरून उठली. ती उठली याचंच सगळ्यांना नवल वाटलं असावं, कारण चहावालाही गप्प झाला. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. माझ्यापेक्षा लहान आहे ती, त्या दिवशी थोरली दिसत होती. मला म्हणाली, काजळीण, तुझ्या घरानं आमचं एक खाल्लं, पोट भरलं नाही होय? आमच्या चुलीची राख मागतेस? आमची राख कशाला मागतेस, आमची अजून कुणाची राख झालेली नाही.

आणि मागे गेली. मला वाटलं, संपलं. मी वळले. दहा पावलं आले असेन, तर मागून तिचे पाय वाजले. तिच्या दोन्ही हातांत राखेचं घमेलं होतं, काठोकाठ भरलेलं. ते तिने माझ्या पायांपुढे रस्त्यावर असं पालथं मारलं, की माझं लुगडं, तोंड, केस सगळं पांढरं झालं.

“घे,” म्हणाली. “फास तुझ्या तोंडाला.”

दुकानातले हसले. चहावाला म्हणाला, बरं केलंस. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. घाटाकडे, वर, एकदा बघितलं आणि परत भट्टीसमोर जाऊन बसली.

मी खाली बसले आणि राख टोपलीत भरायला लागले. हसणं चाललं होतं. भरायला वेळ लागला, कारण रस्त्यावरचे खडे वेगळे करायचे होते. वरची राख गार होती. खालची कोमट होती, आणि चाळलेली. भांड्यांना लागते तशी मऊ. निखारा एकही नव्हता. राख टाकून द्यायची असेल तर माणूस चाळत बसत नाही. पण तिच्या मनातलं मी कशी सांगू? तिने मला शिवीच दिली होती, आणि ती मनापासून दिली होती. शिवीही घेतली, राखही घेतली.

घरी आल्यावर अंगावरची राख झटकून तीही टोपलीत टाकली. ह्यांनी टोपली पाहिली, टाक्यात भिजलेला चुना पाहिला, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. फक्त एकदा, फावड्याचा दांडा ठोकत असताना, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की आईने पोरी बघताना जरा भांडखोर बघायला हवी होती. भांडखोर बाई भांडून मोकळी होते. हिचं काय करायचं.

दुपारी मी चुना फडक्याने गाळला. मीठ कोरडंच पुरचुंडीत बांधलं, ते तिथे जाऊन घालायचं. कुंचा ऑइलने बरबटलेला होता, म्हणून पडवीत टांगलेला सासूबाईंचा जुना काढला. काथ्या झिजून बोटभर राहिला आहे, पण दगडाच्या तोंडाला पुरतो.

संध्याकाळी खिडकीला घोंगडी लावली, देवापुढे दिवा लावला, वात अगदी बारीक केली. दिवा लागला की सकाळची अंघोळ होईपर्यंत मी बोलत नाही. हा माझा रोजचा नेम, लग्नाआधीपासूनचा. ह्यांना तो ठाऊक आहे. म्हणूनच असेल, इतका वेळ थांबले होते, आणि मी देवापुढून उठल्यावर बोलायला लागले.

खूप बोलले. हळू सुरुवात केली, मग चढत गेले. उद्या चहावाला बाकावरून उठवेल मला, म्हणाले. पुन्हा ती तुटकी दांडी. हवालदाराने पाहिलं तर नोकरी. नोकरी गेली तर खोल्या. म्हातारपणी कुणाच्या दारात जायचं? आणि एवढं करून एखादा ट्रक गेलाच दरीत, तर गाव म्हणेल, हिने काहीतरी केलं होतं दगडांना. ते म्हणतीलच. तू पांढरं कर नाहीतर काळं कर, आपण काजळेच.

त्यातलं एकही खोटं नव्हतं.

खालून, दूर, इंजिनांची घरघर ऐकू यायला लागली होती. अजून घाटाच्या पायथ्याशी असतील. पहिल्या चढावर ट्रक नेहमी थांबतात, पाणी भरतात. तेवढ्यात वळण गाठता येतं, आणि कोपऱ्यातले दगड तरी होतात. बाकीचे ते गेल्यावर, परतीच्या आत.

मी बादली उचलली. हे दारात येऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

“गेलीस तर दार उघडं मिळायचं नाही,” म्हणाले.

मी थांबले. त्यांच्या कोपरांवर ऑइल अजून होतं, नखांतही होतं. मी राखेच्या टोपलीतून चिमूटभर घेऊन त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती झटकली नाही, हात मात्र चौकटीवरून खाली आला. तेवढ्या फटीतून मी बादली आधी बाहेर काढली, मग टोपली, मग मी.

मागे दार लागलं. कडी लागली की नाही, ते ऐकायला थांबले नाही. कंबरेची पुरचुंडी चाचपून पाहिली, मीठ होतं. बादली हिंदकळू नये म्हणून ती आतल्या, डोंगराकडच्या हातात घेतली आणि रस्त्याच्या कडेकडेने, दगड मोजायची गरज नव्हती, वळणाकडे चालू लागले.